केशवराव भोसले : गायकाच्या कीर्तीमागे दडलेला निर्माता

१/
८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या आठवड्यात अनेकांनी समाजमाध्यमांवर हळहळ व्यक्त केली आणि अनेक तरुणांनी एक साधा प्रश्नही विचारला : ज्यांच्या नावाचे हे नाट्यगृह, ते केशवराव नेमके कोण होते? आजचा धागा त्या प्रश्नासाठी.

२/
प्रचलित उत्तर एका ओळीचे आहे : ते थोर गायकनट होते. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. केशवराव अवघी ३१ वर्षे जगले. त्यांतील शेवटची जवळजवळ १४ वर्षे ते एका नाटक मंडळीचे मालक होते. कोणते नाटक करायचे, कोणाकडून लिहून घ्यायचे, पडद्यांवर किती खर्च करायचा, पुढचा मुक्काम कुठे टाकायचा, हे सारे निर्णय त्यांचे होते. आज ज्याला आपण निर्माता म्हणतो, ते काम हेच.

३/
या धाग्याचे म्हणणे असे की, केशवरावांची निर्माता म्हणून असलेली कामगिरी त्यांच्या गायनाइतकीच मोठी आहे. किंबहुना तीच अधिक टिकली. गळा माणसाबरोबर जातो. निर्णयांचे परिणाम मात्र मागे उरतात आणि त्यांचा माग काढता येतो.

४/
आधी थोडी पार्श्वभूमी. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलखात डझनावारी नाटक मंडळ्या फिरत होत्या. लोक त्यांना ‘कंपनी’ म्हणत, आणि कंपनी म्हणजे एक चालतेबोलते गावच असे.

५/
नट, साजिंदे, तालीम मास्तर, कपडेपट सांभाळणारे, रंगभूषा करणारे, आचारी, पाणके असे सारे एका बिऱ्हाडात राहत, एका पंक्तीला जेवत आणि एकाच गाडीने पुढच्या गावी जात. पगार कंपनी देई, आजारपण कंपनी पाही. खेळाला गर्दी झाली नाही, तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवावीच लागे. हा सारा भार मालकाच्या डोक्यावर असे.

६/
नाटक मंडळ्यांचा भूगोल हा बहुतांशी लोहमार्गाचा भूगोल होता. पडदे, पेट्या, वाद्ये घेऊन जायचे तर आगगाडी हवी. आपल्या परभणीवरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला आणि निजामाच्या राज्यातील मराठवाडा मुंबई-पुण्याकडच्या गाड्यांना जोडला गेला. दक्षिणेकडे हुबळी, धारवाड, बेळगाव ही गावे रेल्वेवर होती आणि तेथे मराठी नाटकांना हक्काचा प्रेक्षक होता. हुबळीचे नाव लक्षात ठेवा.

७/
केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूरचा. वडील लवकर वारले, घरची परिस्थिती बेताची. लहानपणीच ते ‘स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी’त दाखल झाले. त्या काळी गरीब घरातील गोड गळ्याच्या मुलाला नाटक कंपनी म्हणजे दोन वेळचे जेवण आणि फुकट संगीतशिक्षण. शाळा मात्र कायमची सुटे.

८/
त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेची भूमिका केशवरावांनी पोरवयातच गाजवली. म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न ठरलेल्या अल्पवयीन मुलीची ती कथा. कंपनीचे उत्पन्न आता या मुलाच्या गळ्यावर अवलंबून राहू लागले. इथे एक पेच असतो : ज्याच्यावर तिकिटे खपतात तो पगारी नोकर, आणि पैसा जातो मालकाकडे.

९/
असाच पेच त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकालाही होता. न्यूयॉर्कमध्ये निर्माता हा नटाहून वेगळा, स्वतंत्र व्यावसायिक झाला होता. चार्ल्स फ्रोमन याने शेकडो नाटके उभी केली. १८९६ मध्ये त्याने आणि त्याच्या भागीदारांनी स्थापन केलेल्या ‘सिंडिकेट’च्या हाती अमेरिकेतील नाट्यगृहांच्या तारखा एकवटल्या. हाच फ्रोमन १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर बुडाला. डेव्हिड बेलास्को याने १९१२ मध्ये एका नाटकासाठी रंगमंचावर हुबेहूब उपाहारगृह उभे केले. फ्लोरेन्झ झीगफेल्डचे भपकेबाज ‘फॉलीज’ १९०७ पासून सुरू झाले.

१०/
अमेरिकेत नट आणि निर्माता यांचा झगडा अखेर संपापर्यंत गेला. १९१९ च्या ऑगस्टमध्ये ‘ॲक्टर्स इक्विटी’ या नटांच्या संघटनेने निर्मात्यांविरुद्ध संप पुकारला आणि न्यूयॉर्कची नाट्यगृहे बंद पडली. मराठी रंगभूमीवर संप झाले नाहीत. इथे कंपन्या फुटल्या. नाराज नट बाहेर पडून स्वतःच मालक होत.

११/
उदाहरणे पाहा. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ‘किर्लोस्कर’मधून बाहेर पडले आणि ‘गंधर्व नाटक मंडळी’ निघाली. १९१८ मध्ये त्याच ‘किर्लोस्कर’मधून दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आदी मंडळी निघाली आणि ‘बळवंत संगीत मंडळी’ उभी राहिली. परिणामी आपल्याकडे निर्माता आणि प्रमुख नट हे बहुधा एकच शरीर असे. रात्री नायक, सकाळी हिशेबनीस.

१२/
केशवरावांनी ही वाट या दोघांच्याही आधी धरली. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी ‘ललितकलादर्श’ या मंडळीची स्थापना केली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे १७. मिसरूडही नीट न फुटलेला एक मुलगा बिऱ्हाडभर माणसांच्या पोटाची जबाबदारी घेऊन उभा राहिला. तेव्हाच्या संगीत रंगभूमीवर ब्राह्मण नटांचे आणि चालकांचे प्राबल्य होते. त्यात एका मराठा मुलाने मालक होणे हीही लहान गोष्ट नव्हती.

१३/
नव्या कंपनीसमोर सोपा मार्ग होता : ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मृच्छकटिक’ ही लोकप्रिय जुनी नाटके फिरवत राहायची. गळा होता, प्रेक्षक होता. अशी नाटके ललितकलादर्शनेही केलीच. पण केशवराव तेवढ्यावर थांबले नाहीत. इथून पुढचे चार निर्णय निर्माता म्हणून त्यांची ओळख पटवतात.

१४/
पहिला निर्णय : हिराबाई पेडणेकर यांचे ‘दामिनी’. हिराबाई मूळच्या सावंतवाडीच्या, कलावंतिणीच्या घरात वाढलेल्या, संगीत आणि साहित्य दोन्हींत गती असलेल्या. ज्या समाजात प्रतिष्ठित घरातील बाई नाटक पाहायला जाण्याचीही चर्चा होई, त्या समाजात स्त्रीने संगीत नाटक लिहिणे आणि तेही कलावंतीण म्हणून हिणवल्या जाणाऱ्या स्त्रीने, ही प्रस्थापितांना रुचणारी बाब नव्हती. १९१२ च्या सुमारास ‘दामिनी’ ललितकलादर्शने रंगमंचावर आणले. केशवराव तेव्हा विशीच्या आरंभी होते.

१५/
स्त्रीभूमिका करणारे पुरुष आणि नाटक लिहिणारी स्त्री! ‘दामिनी’च्या प्रयोगात त्या काळाची सारी विसंगती एका रंगमंचावर उभी होती. नाटककार म्हणून बाईचा शब्द चालतो, पण रंगमंचावर बाई चालत नाही. ही विसंगती केशवरावांनी मोडली नाही. परंतु तिचे अर्धे दार त्यांनी उघडले, हे नाकारता येत नाही.

१६/
दुसरा निर्णय : नव्या, परीक्षा न झालेल्या लेखकांवर पैसा लावणे. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्शने १९१३ च्या सुमारास केले. पुढे वामनराव स्वातंत्र्यलढ्यातील नेते म्हणून ओळखले गेले. टिपणिसांचे ‘शहा शिवाजी’ही याच मंडळीचे. आणि मग आले टपाल खात्यात नोकरी करणारे भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर.

१७/
वरेरकरांचा ओढा पाश्चात्त्य सामाजिक नाटकाकडे, विशेषतः इब्सेनकडे होता. त्यांना राजेरजवाड्यांच्या प्रेमकथांपेक्षा घरातले प्रश्न महत्त्वाचे वाटत. ‘हाच मुलाचा बाप’ या नाटकात त्यांनी हुंड्याच्या प्रथेवर बोट ठेवले. ‘संन्याशाचा संसार’मध्ये धर्मांतर आणि धर्मांतरितांना परत घेण्याचा प्रश्न मांडला. ही दोन्ही नाटके केशवरावांच्या हयातीत ललितकलादर्शने सादर केली.

१८/
यातील जोखीम नीट समजून घ्या. संगीत नाटकाचा प्रेक्षक पदांसाठी येई. आवडलेल्या पदाला वन्समोअर घेई. प्रयोग रात्रभर चाले. अशा प्रेक्षकासमोर हुंड्याचा आणि धर्मांतराचा वाद मांडणे म्हणजे तिकीटबारीशी पैज लावणे. केशवरावांनी इथे आपल्या गळ्याचा उपयोग भांडवलासारखा केला. लोक गाणे ऐकायला आले आणि गाण्याबरोबर प्रश्नही ऐकून गेले. गायक आणि निर्माता एकच असल्याचा हा खरा लाभ होता.

१९/
तिसरा निर्णय : रंगमंच कसा दिसावा. कोल्हापूरचे चित्रकार आनंदराव आणि बाबूराव पेंटर या जोडीने ललितकलादर्शसाठी पडदे रंगवले. हेच बाबूराव पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक झाले. मराठी रंगभूमीवर दर्शनी मखमली पडदा आणण्याचे श्रेयही केशवरावांना दिले जाते. नेपथ्य म्हणजे मागे टांगलेले रंगीत कापड एवढीच कल्पना असताना, डोळ्यांना जे दिसते तेही नाटकच असते ही जाण या खर्चामागे होती. बेलास्कोचे उपाहारगृह आणि आनंदराव-बाबूरावांचे पडदे एकाच दशकातले आहेत. दोघांचा संबंध नाही. काळाची ओढ मात्र एकच.

२०/
याच सदरात संगीताचाही विचार करावा लागतो. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या ग्वाल्हेर घराण्याच्या गवयाला केशवरावांनी कंपनीशी जोडले. बुवांनी पदांना चाली दिल्या, केशवरावांना तालीम दिली. स्वतः नामवंत गायक असलेल्या मालकाने पुन्हा शिष्य होऊन बसणे, हाही एक निर्णयच.

२१/
चौथा निर्णय सर्वांत प्रसिद्ध : ‘संयुक्त मानापमान’. १९२१ चे वर्ष. असहकार चळवळ ऐन भरात. टिळकांच्या स्मरणार्थ गांधीजींनी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या निधीसाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र प्रयोग करायचे ठरले. ८ जुलै १९२१, मुंबईचे बालीवाला थिएटर, नाटक खाडिलकरांचे ‘मानापमान’. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर.

२२/
या एका प्रयोगाचे उत्पन्न सोळा हजारांच्या वर गेल्याचे आणि सर्वांत महाग तिकीट शंभर रुपयांचे असल्याचे सांगितले जाते. सोन्याचा तोळा तीस रुपयांच्या आत-बाहेर असण्याचा तो काळ, यावरून या आकड्यांचे वजन लक्षात येईल. त्याच महिन्यात दोन्ही कंपन्यांनी मिळून ‘सौभद्र’ही केले.

२३/
आठवणींच्या पुस्तकांत आणि गप्पांत हा प्रयोग नेहमी जुगलबंदी म्हणून येतो : त्या रात्री कोण जिंकले? शंभर वर्षे झाली, वाद संपलेला नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रश्न बदलून पाहावा. ‘मानापमान’ हे नाटक १९११ पासून बालगंधर्वांचे, भामिनी ही त्यांची ख्यातकीर्त भूमिका. ज्या नाटकावर प्रतिस्पर्ध्याची मोहोर उमटलेली आहे, त्यात त्याच्यासमोर उभे राहायला दुसऱ्या कंपनीच्या मालकाने होकार का द्यावा?

२४/
हरले असते तर नुकसान फक्त गायकाचे झाले नसते. कंपनीची बाजारातील किंमत उतरली असती आणि ते नुकसान तिच्यावर जगणाऱ्या प्रत्येकाला सोसावे लागले असते. तरीही ते उभे राहिले. देशकार्याची निष्ठा त्यात होतीच. पण निर्माता म्हणून त्यांनी एक गोष्ट ओळखली होती, असे मला वाटते : जिंकणे-हरणे बाजूला राहील आणि दोन्ही कंपन्या एकाच तोलाच्या आहेत हे त्या रात्री मुंबईला कायमचे दिसेल. तसेच झाले. तुलना सुरू झाली, याचा अर्थच बरोबरी मान्य झाली.

२५/
त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. वय ३१. मालक-नट पद्धतीचा सर्वांत मोठा धोका इथे दिसतो. मालक, नायक आणि मुख्य गवई एकाच दिवशी नाहीसे झाले, तर कंपनी उरते कशी? एका माणसावर उभ्या असलेल्या कितीतरी मंडळ्या त्या माणसाबरोबरच संपल्या.

२६/
ललितकलादर्श संपली नाही. केशवरावांच्या मागे कंपनीची सूत्रे त्यांचे सहकारी नट व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर यांच्या हाती आली. बापूराव त्यांच्या रक्ताच्या नात्यातले नव्हते. बिऱ्हाडातूनच पुढचा चालक तयार झाला होता. कंपनी घडवणे म्हणजे काय, याचा हा पुरावा नाटकांच्या यादीपेक्षा मला मोठा वाटतो.

२७/
आणि बापूरावांनी केले काय? जुन्या पदांवर गुजराण नाही केली. १९२२ मध्ये वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ आले. विषय असहकाराच्या काळातला, आणि चित्रकार पु. श्री. काळे यांनी रंगमंचावर खरीखुरी भासणारी बंदिस्त खोली उभी केली. १९२३ मध्ये अस्पृश्यतेवर ‘तुरुंगाच्या दारात’ आले. लेखक, विषय, नेपथ्य या तिन्ही वाटा केशवरावांनी आखलेल्याच.

२८/
१९३७ मध्ये बापूराव गेले. बोलपटांच्या लाटेत जवळजवळ सगळ्या संगीत मंडळ्या वाहून गेल्या होत्या. खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर दिसले. पण बापूरावांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ललितकलादर्श पुन्हा उभी केली. ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ ही नाटके याच नावाखाली झाली. २००८ मध्ये संस्थेने शंभरी गाठली. हुबळीत एका सतरा वर्षांच्या मुलाने लावलेले रोप!

२९/
मग निर्माता केशवराव विस्मरणात का गेले? एक कारण साधनांत आहे. नाट्येतिहासाची आपली साधने मुख्यतः आठवणी आहेत, आणि आठवणी लिहिणारा प्रेक्षागृहात बसलेला रसिक असतो. त्याला तान आठवते. पडद्याचे बिल आठवत नाही. दुसरे कारण भाषेत आहे. ‘मालक’ हा शब्द आपण पैशाशी जोडतो, कलेशी नाही. त्यामुळे मालकाच्या निर्णयांतही कला असते, हे आपल्याला चटकन सुचत नाही.

३०/
म्हणून एक विनंती, विशेषतः मराठवाड्यातील मित्रांना. घरातील जुन्या पेटीत नाटकाचे हस्तपत्रक सापडले, तर ते फेकू नका. त्यावर कंपनीचे नाव, नाटक, तिकिटाचे दर, थिएटरचे नाव छापलेले असते. कोणती कंपनी निजामी मुलखात कुठवर येत होती, परभणी, जालना, नांदेडच्या प्रेक्षकाला कोणती नाटके पाहायला मिळत होती, याचा इतिहास अशाच कागदांतून लिहावा लागेल. तो कागद कोणत्याही आठवणीइतकाच मोलाचा आहे.

३१/
शेवटी पुन्हा कोल्हापूर. जळालेले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी ‘पॅलेस थिएटर’ म्हणून बांधले होते. १९१५ मध्ये ते उभे राहिले आणि १९५७ मध्ये त्याला केशवरावांचे नाव मिळाले. आगीनंतर त्याच जागी पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. इमारत पुन्हा उभी करताना लेखक, कारागीर, गवई आणि पैसा एकत्र आणावे लागतात. केशवराव हेच काम करीत होते.

पुढचा धागा बापूराव पेंढारकर आणि ‘सत्तेचे गुलाम’ यांवर. शंका, भर, जुनी हस्तपत्रके यांचे स्वागत आहे. 🙏

#मराठी_रंगभूमी #इतिहासाचा_धागा